छत्तीस महिने, एकशे ब्याऐंशी घनफूट : पुनर्विकासाच्या काळात एका संसाराचे सामान

कोथरूडमधील १९८७ साली बांधलेली, तळमजला अधिक तीन मजल्यांची आणि लिफ्ट नसलेली एक सोसायटी डिसेंबर २०२४ मध्ये पुनर्विकासासाठी रिकामी झाली. तिच्या दुसऱ्या मजल्यावरील दोन बेडरूमच्या घरात माझे मामा-मामी सदतीस वर्षे राहिले. मामा बँकेतून निवृत्त झालेले, वय ७१, मामींचे ६६, मुलगी नोकरीनिमित्त हैदराबादला. विकसकाशी झालेल्या करारानुसार नवी इमारत ३० महिन्यांत पूर्ण व्हायची होती आणि त्यावर सहा महिन्यांची सवलत होती. तोपर्यंत दरमहा २८,००० रुपये भाडे आणि सामान हलवण्यासाठी एकदाच ३०,००० रुपये मिळणार होते. या रकमेत राहण्याची सोय कोठे करावी हा प्रश्न महिनाभरात सुटला. सामानाची सोय कोठे करावी, हा प्रश्न मात्र अडीच महिने चालला. जवळ राहणारा भाचा म्हणून मोजमाप, हिशेब आणि फोन यांचे काम माझ्याकडे आले आणि त्यामुळे या निर्णयाची बरीचशी कागदपत्रे आजही माझ्याजवळ आहेत.

राहण्याच्या निर्णयातूनच सामानाचा प्रश्न निर्माण झाला. त्याच भागात लिफ्ट असलेला दोन बेडरूमचा फ्लॅट ३१,००० रुपयांना मिळत होता, तर एक बेडरूमचा २१,००० रुपयांना. वरकरणी पाहता जास्तीच्या दहा हजारांत एक संपूर्ण खोली मिळते, ती चोवीस तास हाताशी असते आणि तिच्यावर वेगळा जीएसटी लागत नाही. मग सामानासाठी दुसरीकडे भाडे भरावेच कशाला, असे मामींचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते. पण महाराष्ट्रात भाड्याची घरे बहुधा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मिळतात. छत्तीस महिन्यांत मालकाने एकदा जरी घर रिकामे करायला सांगितले, तरी सगळा संसार पुन्हा खोक्यांत भरून हलवावा लागतो. गुडघे दुखणाऱ्या दोन माणसांना घर बदलणे परवडले असते, पण घरासोबत एकशे त्रेचाळीस नग पुन्हा हलवणे परवडले नसते. म्हणून घर लहान घ्यायचे आणि सामान जिथे ठेवू तिथेच शेवटपर्यंत राहू द्यायचे, असे ठरले.

त्यानंतर आम्ही पहिली चूक केली, ती म्हणजे सामान मोजण्यापूर्वीच दर विचारले. पाच ठिकाणी फोन केले आणि दरमहा ३,००० पासून ११,००० रुपयांपर्यंत आकडे आले. पलीकडचा प्रत्येक जण विचारी, "वन बीएचके की टू बीएचके?" आणि उत्तर ऐकून लगेच रक्कम सांगे. वास्तविक टू बीएचके हे घराचे माप आहे, संसाराचे नव्हे. नव्याने लग्न झालेल्या जोडप्याचे दोन खोल्यांतले सामान आणि ज्या घरात सासूबाईंचा बंब, दिवाळी अंकांचे बांधीव खंड आणि मुलीच्या शाळेतल्या ढाली एकाच माळ्यावर नांदत होत्या त्या घरातले सामान, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पाच आकड्यांची तुलना करण्यात अर्थच नव्हता, कारण ते पाच वेगवेगळ्या, न पाहिलेल्या ढिगांचे आकडे होते.

मग मामींनी दोनशे पानी वही काढली आणि तिच्यात चार रकाने आखले : वस्तू, मापे, शेवटची केव्हा वापरली, आणि नव्या घरात जाईल का. भाड्याच्या घरात जे न्यायचे होते ते आधीच वेगळे काढले होते. उरलेल्यांचीच ही यादी. मी टेप धरत असे आणि मामी लिहीत असत. तीन रविवारांत १४३ नग झाले आणि लांबी-रुंदी-उंचीचे गुणाकार करून बेरीज साधारण ६४० घनफूट आली. चौथा रकाना सर्वांत अवघड निघाला. विकसकाने दिलेल्या नव्या घराच्या आराखड्यात भिंतीतली कपाटे होती, बेडरूमचा दरवाजा वेगळ्या बाजूला होता आणि सहा फूट बाय साडेसहा फुटांचा प्लायवूडचा पेटी-पलंग तिथे ठेवला असता तर खिडकी उघडता आली नसती. आराखड्यावर कागदाचे तुकडे कापून ठेवून आम्ही हे पाहिले. जी वस्तू नव्या घरात जाणारच नाही ती तीन वर्षे भाडे भरून सांभाळायची आणि शेवटी काढून टाकायची, हे उघडच निरर्थक होते. तरीही वहीत "बघू" असा शेरा असलेल्या पहिल्या दिवशीच्या नोंदी तेवीस होत्या.

पर्याय एकूण चार होते आणि त्यांपैकी दोन फुकट होते. फुकटचे पर्याय नाकारायला घरच्या माणसांना कारणे द्यावी लागतात, त्यामुळे सर्वाधिक वेळ तिथेच गेला.

मामांच्या चुलत भावाचा सिंहगड रस्त्याच्या बाजूचा तळमजल्यावरचा फ्लॅट बंद होता आणि त्यांनी आपण होऊन किल्ली देऊ केली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने २५ तारखेच्या पहाटे एकतानगरीतील घरांत पाणी शिरले होते. चुलत भावांच्या इमारतीत ते आवारापर्यंत आले आणि थांबले. "आत आले नाही ना?" असे ते विचारत होते. मामा १२ जुलै १९६१ रोजी आठ वर्षांचे होते आणि पेठेत राहत होते. पानशेतच्या पाण्यात त्यांच्या आईची ट्रंक भिजली. ओल्या लुगड्यांचा वास आणि गच्चीवर वाळत घातलेले चिखलाच्या रंगाचे कागद त्यांना अजून आठवतात. त्यांनी भावाला एकच वाक्य सांगितले, "दादा, तळमजल्यावर मी चपलासुद्धा ठेवणार नाही." हे कारण भावनेचे वाटले तरी हिशेबातही चोख होते, कारण तळमजल्यावरच्या सामानाचा धोका पावसावर नव्हे तर धरणाच्या विसर्गावर ठरतो आणि त्याची सूचना मिळेपर्यंत सामान वर चढवायला वेळ उरत नाही.

दुसरा फुकटचा पर्याय मामींच्या माहेरचा होता. गुहागर तालुक्यातील त्यांच्या भावाचे घर उंचावर असल्याने पुराची भीती नव्हती. मागील दारची एक खोली रिकामी होती. कुंभार्ली घाटातून टेम्पोचे एका फेरीचे १८,००० रुपये सांगितले गेले. जाऊन-येऊन ३६,००० रुपये म्हणजे छत्तीस महिन्यांवर वाटले तर महिना हजार रुपये. याहून स्वस्त काहीच नव्हते. अडचण हवेची होती. पुण्यात वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणात तीन हजारांच्या वर. जून ते सप्टेंबर त्या खोलीत लाकूड, कागद आणि कापड यांना कोरडा असा एकही दिवस मिळत नाही. सापेक्ष आर्द्रता साधारण सत्तर टक्क्यांवर टिकून राहिली की बुरशी धरू लागते आणि किनाऱ्यालगत पावसाळ्यात ती नव्वदीच्या आसपास असते. मामींना हे आकड्यांनी पटवावे लागले नाही. त्यांच्या वडिलांची पायपेटी त्याच खोलीत होती. उंदरांनी तिचा भाता कुरतडला होता आणि राहिलेल्या सुरांपैकी निम्मे दमटपणाने उतरले होते. तरीही हा पर्याय पूर्ण सोडला नाही. पाटा-वरवंटा, जाते, तांब्याचा बंब आणि घंगाळ या दगडाधातूच्या वस्तूंना ओलाव्याचे सोयरसुतक नसते. काळ्या पडल्या तर चिंच-मिठाने उजळतात. त्या मामी दिवाळीच्या फेरीत गाडीतून माहेरी पोचवून आल्या. जाते तर मुळात तिथूनच आलेले होते.

आता भाड्याचे दोन पर्याय. एक वाघोलीच्या पुढे असलेले सामान वाहतूकदाराचे गोदाम. तिथे खोके आणि फर्निचर लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यांवर रचून, प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून ठेवत. आमचे संपूर्ण ६४० घनफूट ते ४,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,३१० रुपये महिना, या दराने ठेवायला तयार होते. दुसरा पर्याय वारज्याच्या बाजूला एका पक्क्या इमारतीतील कुलूपबंद खोल्यांचा, म्हणजे सेल्फ स्टोरेजचा. पाच फूट बाय आठ फुटांची खोली, चौरस फुटाला शंभर रुपये, म्हणजे ४,००० आणि त्यावर ७२० रुपये जीएसटी. कुलूप आपले, किल्ली आपली, सकाळी आठ ते रात्री आठ केव्हाही जावे. साधारण त्याच पैशांत एकीकडे सगळा संसार मावत होता आणि दुसरीकडे जेमतेम तिसरा हिस्सा. मामांचा कौल स्वाभाविकपणे पहिल्याकडे होता : "सगळेच ठेवता येते, मग निवडायचे कशाला?"

आम्ही दोन्ही ठिकाणी प्रत्यक्ष गेलो. गोदाम वाईट नव्हते. स्वच्छ होते, उंदरांचे पिंजरे लावलेले दिसले, माणसे सरळ बोलली. पण छत पत्र्याचे होते. नोव्हेंबरच्या दुपारी बारा वाजता वरच्या रांगेतल्या खोक्यावर हात ठेवला तर तो कोमट लागला. मग चाळिशी ओलांडणाऱ्या एप्रिल-मेमध्ये काय होत असेल याचा अंदाज करता आला. अशा उष्णतेत सरसाने चिकटवलेले सांधे सुटतात, फोटो एकमेकांना चिकटतात, आणि त्यानंतर लगेच पावसाळ्याची दमट हवा सुरू होते. शिवाय मधली एखादी वस्तू हवी असल्यास तीन दिवस आधी कळवायचे आणि प्रत्येक खेपेला हाताळणीचे १,५०० रुपये द्यायचे, असा नियम होता. जे कुटुंब दोन वर्षांसाठी परदेशी जाते आणि मधे काहीच उघडणार नाही त्याच्यासाठी ही व्यवस्था माझ्या मते उत्तम आहे. मामा-मामी मात्र आठ किलोमीटरवर राहणार होते आणि त्यांचे सणवार चालूच राहणार होते.

तरीही खरा निर्णय जागा पाहून झाला नाही. तो सोफ्यावरून झाला. वारज्याच्या खोलीची उंची नऊ फूट असली तरी सात फुटांच्या वर रचणे धोक्याचे. म्हणजे ४० चौरस फुटांत २८० घनफूट. त्यातून आत उभे राहायला लागणारी जागा आणि वस्तूंमधल्या फटी वजा केल्या तर सत्तर टक्के, म्हणजे १९६ घनफूट खरोखर वापरता येतात. ४,७२० रुपयांना १९६ ने भागले की एका घनफुटाचे महिन्याचे भाडे २४ रुपये येते. तीन माणसांचा सोफा साडेसहा फूट लांब, पावणेतीन फूट खोल, पावणेतीन फूट उंच, म्हणजे ४९ घनफूट. महिन्याला १,१७६ रुपये. छत्तीस महिन्यांचे ४२,३३६. जुने फर्निचर घेणाऱ्याने त्याच सोफ्याचे ४,५०० रुपये देऊ केले होते. गोदामाच्या स्वस्त दरानेही तो तीन वर्षे ठेवायला साडेचौदा हजारांच्या आसपास लागले असते.

वहीत हा गुणाकार लिहून झाल्यावर काही वेळ कोणी बोलले नाही. मग मामी म्हणाल्या, "अहो, तो तुमच्या रिटायरमेंटचा सोफा आहे." मामांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अगं, रिटायर होऊन अकरा वर्षे झाली. आता त्यालाही होऊ दे."

त्यानंतर यादी झरझर कमी झाली. प्रत्येक वस्तूपुढे मामींनी पाचवा रकाना काढला आणि त्यात घनफूट गुणिले २४ गुणिले ३६ असा आकडा लिहिला. प्लायवूडचा पेटी-पलंग, भुश्याच्या बोर्डाचे टीव्ही युनिट, तीन जादा गाद्या, कॉम्प्युटर टेबल हे सगळे गेले. भुश्याच्या बोर्डाबद्दल तर दुमत होण्याचे कारणच नव्हते, कारण ते एकदा सुटे केले की स्क्रूची भोके पुन्हा तशी धरत नाहीत आणि ओल लागली की कडा फुगतात. इन्व्हर्टरची बॅटरी वापराविना पडून राहिली तर निकामी होते, म्हणून ती शेजाऱ्यांना वापरायला दिली. याउलट मामींच्या लग्नातला सागवानी पलंग पाट्या-पाट्यांत सुटा होऊन केवळ १८ घनफुटांत बसला आणि राहिला. लोखंडी कपाटाचा हिशेब सुरुवातीला माझा चुकला होता : बाहेरून ते ३१ घनफूट भरते म्हणून मी महाग ठरवले, पण पोकळ वस्तूचे भाडे तिच्या पोटातल्या सामानात विभागले जाते. पितळी भांडी, समया, परात आणि चादरी त्या कपाटातच भरल्या आणि त्यांना वेगळी जागा लागली नाही. म्हणूनच रिकामे कपाट, रिकामी सुटकेस किंवा रिकामा पिंप ठेवण्यासारखी उधळपट्टी दुसरी नाही, असे मी तेव्हापासून सांगत आलो आहे.

काही वस्तू किमतीमुळे नव्हे, तर स्वभावामुळे बाहेर ठेवायच्या नव्हत्या. दोन पैठण्या आणि रेशमी साड्या मलमलीत गुंडाळून भाड्याच्या घरातल्या लाकडी कपाटात ठेवल्या, कारण त्यांच्या घड्या अधूनमधून बदलाव्या लागतात. नाहीतर जरीची तार त्याच रेषेवर तुटते. त्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, जरीची तार काळी पडते, हे मामींनी मलाच बजावले. दागिने लॉकरमध्ये, मूळ दस्तऐवज आणि फोटोंचे अल्बम घरी. मामांची हार्मोनियम माझ्याकडे आली. माहेरच्या पायपेटीचे उदाहरण समोर होते आणि पेटी वाजती राहिली तरच नीट राहते. मला वाजवता येत नाही, पण माझी मुलगी वाजवते. मामा दर गुरुवारी तिची परीक्षा घ्यायला येतात.

शेवटी ६४० चे १८२ घनफूट झाले. ते गोदामात ठेवायचे म्हटले असते तर तिथल्या किमान दराने जीएसटीसह २,५९६ रुपये महिना पडले असते, म्हणजे खोलीपेक्षा २,१२४ रुपये कमी. छत्तीस महिन्यांत हा फरक ७६,४६४ रुपये होतो आणि तो लहान नाही. पक्के छत आणि हवे तेव्हा जाता येणे यांसाठी एवढे मोजावे का, यावर मामांचे आणि माझे आजही पूर्ण एकमत नाही. विकसकाच्या २८,००० मधून घरभाडे वजा जाता सात हजार उरत होते आणि ४,७२० त्यात बसत होते, म्हणून ते तयार झाले.

करार वाचण्याचे काम मामांनी स्वतःकडे घेतले आणि बँकेतल्या माणसाने वाचावा तसाच वाचला. पहिली गोष्ट त्यांनी दाखवली ती अशी की, त्या कागदात कोठेही कंपनी आपले सामान ताब्यात घेते असे म्हटलेले नव्हते. ती केवळ जागा वापरण्याचा परवाना देत होती. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ नुसार एखाद्याने आपली वस्तू दुसऱ्याकडे सांभाळायला सोपवली, तर कलम १५१ प्रमाणे त्या दुसऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी, म्हणजे सामान्य समजूतदार माणूस घेईल तेवढी, काळजी घेणे आवश्यक असते. परवान्याच्या भाषेमुळे हीच जबाबदारी टाळण्याचा प्रयत्न होतो, कारण कुलूप तुमचे आणि आत काय आहे ते आम्हाला ठाऊक नाही, असे कंपनीला म्हणता येते. भरपाईची मर्यादा तीन महिन्यांच्या भाड्याएवढी, म्हणजे १२,००० रुपये होती. मामा म्हणाले, "बँकेच्या लॉकरला रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२२ पासून वार्षिक भाड्याच्या शंभरपट जबाबदारी घातली, आग लागली किंवा चोरी झाली तर. इथे पाव वर्ष."

कंपनीचा व्यवस्थापक तरुण आणि समंजस होता. भरपाईची मर्यादा बदलण्याचा अधिकार त्याला नव्हता, पण तीन कलमे त्याने हाताने दुरुस्त करून वरिष्ठांची सही आणून दिली. दर २४ महिने स्थिर राहील आणि नंतरची वाढ पाच टक्क्यांहून अधिक नसेल. भाडे थकल्यास सामानाची विल्हेवाट लावण्याची मुदत साठऐवजी नव्वद दिवस राहील आणि नोटीस हैदराबादला मुलीच्या पत्त्यावरही जाईल. वृद्ध माणसे रुग्णालयात असताना हप्ता चुकू शकतो, हे कारण त्याला लगेच पटले. आणि खोलीत गळती किंवा ओल आढळल्यास त्याच आकाराची दुसरी खोली विनामूल्य मिळेल. हे तिसरे कलम मामांनी सहज म्हणून घालून घेतले होते.

विम्याची एक बाब आमच्या ऐन वेळी लक्षात आली. मामांकडे भारत गृह रक्षा पॉलिसी होती आणि तिच्यात घरातील सामानालाही संरक्षण होते. पण ते पॉलिसीत लिहिलेल्या घरातल्या सामानाला. ते घर आता पाडले जाणार होते. म्हणून आग आणि घरफोडी यांपुरता स्वतंत्र विमा खोलीच्या पत्त्यावर उतरवला. उंदीर, वाळवी, कसर आणि हळूहळू लागणारी ओल यांना असा विमा लागू होत नाही. तिथे विमा म्हणजे आपणच जाऊन पाहणे.

ते पाहणे मात्र आम्ही चुकवले. सामान १५ डिसेंबरच्या सुमारास भरले. दर दोन महिन्यांनी जायचे ठरले होते. फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये गेलो, सगळे ठीक होते. पावसाळ्यापूर्वीची मोठी तपासणी जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची होती. पण २०२५ साली मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची नोंदच नव्हती. त्याच आठवड्यात पुण्यातही झोड उठली. जूनमध्ये मामींना ताप आला, जुलैत माझी बदली झाली, आणि आम्ही खोलीकडे फिरकलो ते थेट २४ ऑगस्टला.

गेलो तेही तपासणीसाठी नव्हे. बुधवारी २७ तारखेला गणपती बसायचे होते आणि ३१ ला गौरी यायच्या होत्या. गौरींचे पितळी मुखवटे, कोथळ्या आणि लोखंडी स्टँड खोका क्रमांक ३१ मध्ये होते. वहीत ही नोंद चोख होती. तो खोका खोलीत नेमका कोठे आहे, याची नोंद नव्हती. भरताना जड वस्तू आधी आत, हलक्या नंतर, या मजुरांच्या नेहमीच्या क्रमाने सामान रचले गेले होते आणि क्रमांक ३१ लोखंडी कपाटाच्या पाठीमागे गेला होता. वर्षातून एकदाच लागणारी, पण त्या दिवशी लागणारच अशी वस्तू दाराशी असायला हवी, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आले नाही. आम्ही वारंवारितेचा विचार केला होता, तिथीचा नव्हे. एकोणीस खोकी पॅसेजमध्ये काढल्यावर मी आत शिरलो तेव्हा आधी वास आला, मग भिंत दिसली.

खोलीची आतली भिंत इमारतीची पश्चिमेची बाहेरची भिंत होती. डिसेंबरमध्ये तिला नवा रंग होता आणि कोणती भिंत बाहेरची, हे विचारण्याचे आम्हाला सुचले नव्हते. आता तिच्यावर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत नकाशासारखे डाग उमटले होते. पुस्तकांचे चौदा खोके वजनामुळे, म्हणजे प्रत्येकी एकवीस किलोंमुळे, सर्वांत खाली आणि भिंतीला टेकून ठेवलेले होते. चार खोक्यांचा पुठ्ठा बोट लावताच आत गेला. खाली प्लायचा तुकडा होता, पण जमिनीला चिकटून; हवा खेळायला बोटभरही फट नव्हती. भर म्हणून आम्हीच पुस्तके खोक्याच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून तोंडे बांधली होती. त्या पिशव्यांच्या आत घामासारखे थेंब होते. दिवाळी अंकांच्या सात खंडांच्या कापडी बांधणीवर करड्या ठिपक्यांची बुरशी धरली होती. त्याच भिंतीपासून चार इंच दूर ठेवलेल्या सागवानी पाट्यांना आणि कपाटाला काही झाले नव्हते.

व्यवस्थापकाचे पहिले उत्तर अपेक्षित होते : बाहेरची भिंत सोसायटीकडे येते, आमच्या हातात नाही. मामांनी वाद न घालता कराराची प्रत पुढे केली आणि तिसऱ्या दुरुस्तीवर बोट ठेवले. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच मजल्यावरची, चारही बाजूंनी आतल्या भिंती असलेली खोली मिळाली. हलवण्याच्या मजुरीचे २,८०० रुपये आमचे आम्हाला द्यावे लागले. पुस्तके उन्हात न ठेवता गच्चीखालच्या सावलीत, पंख्याखाली उघडून वाळवली. मऊ ब्रशने बुरशी झाडताना नाकाला फडके बांधले. पाच खंड वाचले, दोन रद्दीत गेले. नव्या खोलीत आम्ही लोखंडी अँगलची मांडणी लावली, जिचा खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर आहे, भिंतीपासून चार बोटे जागा सोडली, पुस्तकांच्या पिशव्या काढून टाकल्या आणि दारामागे खोलीचा आराखडा चिकटवला. क्रमांक ३१ आता दाराच्या उजव्या हाताला आहे.

दिवाळीनंतर मामींनी वही पुन्हा उघडली. वर्षभरात एकदाही आठवण न झालेल्या चार खुर्च्या विकल्या आणि २० घनफूट मोकळे झाले. पण घनफूट कमी झाले म्हणून भाडे कमी होत नाही. खोली आहे तेवढीच राहते. याच्या खालचा आकार पाच बाय पाच फुटांचा. त्यात एकशे साडेबावीस घनफूट मावतात आणि भाडे जीएसटीसह २,९५० रुपये, म्हणजे महिन्याला १,७७० रुपये वाचतात. आमच्याकडे अजून १६२ घनफूट आहे. मामांचे शिसवी टेबल २० घनफूट आणि मामींचा सागवानी पलंग १८ घनफूट, हे दोन्ही काढले तर १२४ उरतात. टेबल काढायला मामी तयार आहेत, पलंग काढायला मामा. आणि दोन्ही काढले तरी दीड घनफूट जास्तच होते, म्हणजे पुस्तकांचा नेमका एक खोका. त्याकडे बोट दाखवून दोघेही तूर्त हा विषय पुढच्या दिवाळीवर ढकलतात.